काकाजींचे तीन दिवे

गाडीत बसण्याआधी काकाजी चपला काढायचे. देवळाच्या पायरीशी काढाव्यात तशा त्या दाराबाहेर काढून, मग वाकून उचलून सीटखाली सारायचे. अनवाणी पाय ब्रेकवर ठेवून थोडा वेळ डोळे मिटायचे. "पायाले समजते," म्हणायचे. "चप्पल मधात आली का बातमी पोचत नाई." मग किल्ली फिरवायचे. स्टिअरिंगमागचे सगळे दिवे एकदम पेटायचे आणि एकेक करून विझू लागायचे. त्यांतले दोन कधी विझायचे, कधी नाही. मी ते शेजारी बसून मोजायचे.

काकाजी आमचे घरमालक. कारंज्यात त्यांचं बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान होतं, दुकानामागे त्यांचं घर आणि वरच्या मजल्यावर आम्ही दोघं, मी आणि बाबा. मी तिथल्या शाळेत शिकवत होते. बाबाही शिक्षक, पण निवृत्त, आणि दोन्ही किडन्या निकामी झालेले. आठवड्यातून दोनदा त्यांना वर्ध्याला डायलिसिसला न्यावं लागायचं. सुरुवातीला आम्ही एसटीने जायचो. एकदा परतताना बाबा बसच्या दारातच कोसळले, कंडक्टरने आणि मी मिळून त्यांना कसंबसं घरी आणलं. काकाजींनी दुकानातून ते पाहिलं. संध्याकाळी वर आले, खुर्चीवर न बसता उभ्यानेच म्हणाले, "गुरुजी, आजपासून बसगिस बंद. आपली गाडी आहे."

ती गाडी म्हणजे दारांच्या दोन जोड्या असलेली जुनी पिकअप. पुढे माणसं, मागे माल. घेतली तेव्हा म्हणे सगळ्यात वरचं मॉडेल होतं, ब्रेकचं आणि गाडी घसरू न देण्याचं सगळं यंत्र आत बसवलेलं. मी पाहिली तेव्हा तिच्या मागच्या हौद्यात कायम युरियाचा वास असायचा. काकाजींनी मागच्या सीटवर बाबांसाठी गादी शिवून घेतली, दाराला पडदा लावला, आणि पडदा लागल्यावर माझा नाही म्हणण्याचा हक्क संपला. मी एकदा भाड्याची गाडी बोलावली, तर काकाजींनी आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं आणि बाबांनी जेवण अर्ध्यावर आणलं.

माणूस तऱ्हेवाईक. आता माझी बदली सिंदीला झाली आहे, इथेही तऱ्हेवाईक माणसं कमी नाहीत, पण काकाजींची सर कोणाला नाही. एखादा शेतकरी दुकानात रोगट पान घेऊन आला की काकाजी ते पान हातात घ्यायचेच नाहीत. त्याला बसवायचे, चहा मागवायचे आणि विचारायचे, "तुले झोप लागते का?" तो बिचारा गोंधळायचा. "काकाजी, कपाशीवर अळी आहे." "ते पाहू मंग. झोप लागते का नाई ते सांग." झोप लागत नसेल तर काकाजी औषध द्यायला साफ नकार द्यायचे. म्हणायचे, न झोपलेला माणूस फवारणी करताना तोंडाला फडकं बांधायचं विसरतो. "आज झोप. उद्या येजो. अळी काई नागपूरले पळून नाई जात."

हे शहाणपणाचं वाटतं ना? पण याच माणसाने घरात रक्तदाब मोजायचं यंत्र ठेवलं होतं आणि त्यावरचा आकडा पसंत पडेपर्यंत ते पुन्हा पुन्हा दंडाला बांधत. पसंत पडला की यंत्राला शाबासकी द्यायचे. "आता खरं बोलली." मशीन पहिल्यांदा खोटंच बोलते असा त्यांचा ठाम विश्वास होता. फ्रिज, वजनकाटा, मोबाईल, सगळ्यांच्या बाबतीत त्यांचा हाच न्याय. यंत्र माणसाला भेव दाखवतं आणि माणसाने यंत्राला ते दाखवू द्यायचं नाही.

गाडीतले तीन दिवे पहिल्यांदा पेटले ते काकू गेल्यानंतरच्या पावसाळ्यात. काकू म्हणजे त्यांची बायको. त्या उन्हाळ्यात झोपेतच गेल्या. तीन म्हणजे आधी दोनच. एका पिवळ्या दिव्यात छोटी मोटार आणि तिच्यामागे नागमोडी रेघा. तो गाडी घसरू न देणाऱ्या यंत्राचा. काकाजी त्याला दारुड्या म्हणायचे. दुसऱ्या पिवळ्या दिव्यात गोलात इंग्रजी अक्षरं. करकचून ब्रेक मारला तर चाकं जाम होऊ नयेत म्हणून जे यंत्र असतं, त्याचा. त्याला अक्षरं येतात म्हणून तो मास्तर. तिसरा लाल, गोलात उद्गारचिन्ह, खुद्द ब्रेकचा. तो फक्त किल्ली फिरवताना दिसायचा आणि हँडब्रेक सोडला की जायचा. त्याचं नाव जावई. "हा एकदा येऊन बसला ना मॅडम, का केव्हा उठन सांगता येत नाई," असं बाबांकडे डोळे मिचकावून म्हणायचे. बाबा मागून हसायचे. मला हसू यायचं नाही.

मास्तर आणि दारुड्या जोडीनेच यायचे. ते बहुतेक डावं वळण घेतानाच पेटत, हे माझ्या लक्षात आलं होतं, कारण त्या प्रवासात मी दुसरं काही बघतच नव्हते. कारंज्याहून वर्ध्याला जाताना मध्ये जंगल लागतं. त्यात सागाच्या झाडांमधून एक लांबच लांब उतार आहे, वळणावळणाचा, आणि खाली नाल्यावर अरुंद पूल. उताराच्या आदल्या वळणावर दोघं हटकून पेटायचे. मग काकाजींचा उपाय सुरू व्हायचा.

त्यांचा उपाय मी पहिल्यांदा पाहिला तो त्याच उतारावर. गाडी उताराला लागलेली, मागे बाबा आडवे, आणि काकाजींनी सरळ किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. धावत्या गाडीत! आवाज थांबला. नुसता टायरचा आणि वाऱ्याचा आवाज. स्टिअरिंग जड झालेलं त्यांच्या दंडावरून दिसत होतं. त्यांनी एक पाय ब्रेकवर ठेवला, ब्रेक दगडासारखा झाला होता, खाली जाईना. समोर वळण येत होतं. काकाजींनी शांतपणे पुन्हा किल्ली फिरवली, दुसरा गिअर टाकून क्लच सोडला, गाडीने हिसका खाल्ला, इंजिन चालू झालं. दोन्ही दिवे विझलेले.

"पाह्यलं? बंद करून चालू केलं का विसरते गाडी. भांडण असंच मिटवा लागते."

"काकाजी," मी म्हणाले, "असं पुन्हा करू नका. बाबा मागे आहेत."

"बाबा मागे आहेत म्हणूनच करून राह्यलो ना. दिवा पाहून माणसाचं चित्त जाते. चित्त गेलं का गाडी गेली."

मी मागे वळून पाहिलं. बाबांचे डोळे मिटलेले होते, ओठ घट्ट. झोपले असतील असं मी धरून चालले.

त्यानंतर प्रत्येक खेपेला उताराच्या अलीकडे मी दाराची कडी धरून बसायचे. डायलिसिसच्या आदल्या रात्री मला झोप लागेना. काकाजींच्या नियमाने मला कोणी औषधसुद्धा दिलं नसतं. वर्गात मुलं कविता म्हणत असायची आणि मला टायरचा आवाज ऐकू यायचा. डायलिसिस टाळला तर बाबा जाणार, आणि जायचं तर त्या किल्लीच्या भरवशावर. इतकं साधं होतं ते, आणि यातून सुटायची वाट मला दिसत नव्हती. रागही यायचा. आपल्यावर उपकार करणाऱ्या माणसाचा राग येणं फार वाईट, तो कुठे काढताही येत नाही.

गाडी दाखवून झाली नव्हती असं नाही. वर्ध्याच्या एका गॅरेजात तिला स्कॅनर लावला. त्यावर आलं की पुढच्या डाव्या चाकाचा सेन्सर बोलत नाही. सेन्सर म्हणजे चाक किती वेगाने फिरतंय ते आतल्या यंत्राला कळवणारी पेरूएवढीही नसलेली वस्तू. तो बदलला. वर्ध्याबाहेर पडेपर्यंत दिवे शांत, पहिल्या डाव्या वळणाला पुन्हा हजर. काकाजींना परमानंद झाला. "मी नाई म्हटलं? मशीनले मशीन लावलं. दोन खोटारडे एका जागी बसले." मला मात्र वाटलं की आता खरंच काहीतरी आहे, आणि ते कुठे आहे ते कोणालाच माहीत नाही.

शेवटी मी हट्ट धरला आणि आम्ही परतताना वाट वाकडी करून आर्वीच्या एका मेकॅनिककडे गेलो. चाळिशीचा माणूस, तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा, बोलणं मोजकं. त्याने स्कॅनरला हातच लावला नाही. गाडी उचलली आणि काकाजींना म्हणाला, "डावीकडं पुरं वळवा." दिवे पेटले. "आता उजवीकडं." पेटले नाहीत. मग तो डाव्या चाकामागे वाकला, मोबाईलचा उजेड पाडून पाहत राहिला.

"काकाजी, हे काय पोसलं तुम्ही?"

आम्ही वाकून पाहिलं. चाकाच्या आत, नळीवर, कवठाएवढा काळा गोळा होता. चिखल वाळून दगड झालेला. मेकॅनिकने नखाने थोडा खरवडला तेव्हा आतून लाल दिसलं. पूजेचा धागा! एकावर एक, एकावर एक.

काकाजी उकिडवे बसले ते बसलेच. मग सांगू लागले. दसऱ्याला गाडी धुतली, हार घातला, नारळ फोडला की काकू प्रत्येक चाकाला लाल धागा बांधायच्या. पण चाकाला बांधलेला धागा दुकानापासून हायवेपर्यंतही टिकत नाही, तुटून रस्त्यावर पडतो. सणाच्या दिवशी तुटलेला धागा काकूंना सहन व्हायचा नाही. म्हणून त्या हात आत घालून, जे फिरत नाही त्याला बांधायच्या. बरं, पूजेला गाडी भिंतीला इतकी लागून उभी की काकाजीसुद्धा डाव्या दाराने उतरायचे, उजव्या बाजूला शिरायला जागाच नाही, आणि मागच्या चाकाच्या आत हात पोचायचा नाही. मग चारही चाकांचे धागे या एकाच डाव्या चाकाच्या आत. आणि जुना धागा कापायचा नाही हा त्यांचा नेम. दरवर्षी नवे धागे जुन्यांवर चढले, त्यावर आमच्याकडची काळी माती बसली.

"ही सेन्सरची वायर," मेकॅनिक म्हणाला. "ही ब्रेकच्या तेलाची नळी. काकूनं दोन्ही एकात बांधल्या. चाक वळलं का गाठ ताणते. वायर आतून तुटली, वरून सही दिसते. सेन्सर बदलून काय होते मंग? त्याची फिकर नाई. पिवळा दिवा म्हणजे ब्रेक आहे, त्याची अक्कल गेली. पण हे ढेकूळ नळीले घासून राह्यलं. नळी फुटली तर लाल लागन. लाल लागला तर मंग ब्रेकच गेला समजा. आताच कापून टाकतो." त्याने पातं काढलं.

"हात नोको लावू," काकाजी म्हणाले.

त्यांचा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मेकॅनिकने माझ्याकडे पाहिलं, मी बाबांकडे. बाबा गादीवर उठून बसले होते, पडदा बाजूला सारून. काकाजींनी गाडी खाली उतरवायला लावली, चपला काढल्या आणि आम्ही निघालो.

जंगल लागलं तेव्हा माझा बांध फुटला. "काकाजी, तो धागा आहे! नुसता धागा! त्याच्यासाठी तुम्ही माझ्या बाबांचा जीव टांगणीला लावता?"

त्यांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. "मॅडम, ती इथं बसे. तुम्ही बसल्या तिथं. सारा रस्ता 'हळू, हळू' करे. मी चिडो. एकदा तर म्हटलं, उतर खाली आन् पायी ये. आता ती नाई तर हे दिवे लागून राह्यले. म्या त्याईले खोटारडे म्हटलं, किल्ली मारून मारून त्याईचं तोंड बंद केलं." तेवढ्यात डावं वळण आलं, मास्तर आणि दारुड्या पेटले, आणि काकाजींनी किल्लीला हात न लावता पाय उचलला. गाडी मंदावली. "हव, हव," ते दिव्यांना म्हणाले. "चाललो ना हळू."

त्या दिवसापासून किल्लीचा खेळ बंद झाला खरा, पण मला त्याचं समाधान वाटेना. आधी ते दिव्यांना खोटारडे समजत होते, आता बायको समजायला लागले. दिव्यांना दिवे समजणं त्यांना कधी जमलंच नाही. आणि तिकडे चाकाच्या आत, प्रत्येक वळणाला, ते ढेकूळ नळीवर घासत होतं. ते मला दिसत नव्हतं, ऐकूही येत नव्हतं. तरी प्रत्येक डाव्या वळणाला मी दात आवळून धरायचे.

मी बाबांना सांगून पाहिलं. दुसरी गाडी करू, काकाजी रुसले तर रुसू देत. बाबा भिंतीकडे पाहत राहिले. "मी शेठच्याच गाडीत जाईन," म्हणाले. काकाजींना ते शेठ म्हणायचे. "त्या माणसाचं घरी कोणी नाई आता. दोन दिवस तो आपल्यासाठी सकाळी उठते. बाकीचे दिवस कायले उठन?" मी दुसऱ्या गाडीचं नाव पुन्हा काढलं नाही. भीती मात्र कमी झाली नाही, उलट आता ती बोलूनही दाखवता येत नव्हती. तुम्हाला भीती वाटत नाही का, हे बाबांना विचारायचं मला सुचलंच नाही. गादीवर ते इतके निवांत पडलेले असायचे.

दिवाळी होऊन गेली होती. कपाशी फुटली होती, रस्त्याच्या दोन्ही अंगांना वेचणीच्या बाया दिसत होत्या. आम्ही वर्ध्याहून परत येत होतो. डायलिसिस झाल्यावर बाबांच्या अंगात त्राण नसायचं. हातातल्या ज्या शिरेत सुया टोचतात, तिच्यावर कापसाची घडी आणि पट्टी असायची आणि तो हात ते छातीशी धरून पडायचे. येताना तो उतार दुसऱ्या बाजूने चढावा लागतो. म्हणून परतीच्या वाटेला मी जरा सैल असायचे. पण चढ संपल्यावर पलीकडे आणखी एक छोटा उतार आहे, सरळ, शेतांच्या मधून जाणारा. त्याला मी कधी भ्यायलेच नव्हते.

चढाच्या शेवटच्या वळणाला मास्तर आणि दारुड्या पेटले. "हव," काकाजी म्हणाले. आणि मग त्यांच्या शेजारी लाल पेटला.

काकाजींनी हँडब्रेक चाचपला. तो खालीच होता. "जावई आला गुरुजी," ते म्हणाले, सवयीने, पण आवाजात थट्टा नव्हती. मला मेकॅनिकचं वाक्य आठवलं. "थांबवा," मी ओरडले. "काकाजी, गाडी थांबवा!"

"थांबवून राह्यलो." त्यांचा अनवाणी पाय ब्रेकवर गेला. मी तो पाय पाहत होते. तो खाली गेला, आणखी खाली गेला, आणि गाडीच्या तळाला टेकला. गाडी जराशी कचरली, जणू विचार केला, आणि तशीच पुढे निघाली. आम्ही उताराला लागलो होतो.

"पायाले समजत नाई," काकाजी म्हणाले. "पोरी, पायाले काईच समजत नाई."

मला त्यांनी कधी पोरी म्हटलं नव्हतं. ते पाय दाबत होते, उचलत होते, पुन्हा दाबत होते. खालून एसटी वर येत होती, भरलेली, आणि तिच्यापुढे दोन मोटारसायकली. गाडीचा वेग वाढत होता. काकाजींनी तिसरा गिअर टाकला, इंजिन किंचाळलं, मग दुसरा. मी सीटला धरून मागे हात लांबवला, बाबांचा पाय माझ्या हाताला लागला, तो मी घट्ट पकडला. दुसरं काय करणार होते मी? एसटीच्या चालकाचं तोंड दिसायला लागलं. काकाजींनी हँडब्रेक ओढला, गाडीचा मागचा भाग सरकला, आणि त्यांनी डावीकडे वळवून आम्हाला रस्त्याखाली, शेताच्या बांधावरून, धुऱ्यावरून, सरळ कपाशीत घातलं.

दणका बसला. कपाशीच्या पऱ्हाट्या काचेवर सपासप आपटल्या. काळ्या मातीने चाकं धरली आणि गाडी नाक खाली करून थांबली. "ओ माय वो!" कुठूनतरी बाईचा आवाज आला. एसटी हॉर्न वाजवत वर निघून गेली.

बाबा गादीवरून खाली, दोन सीटांच्या मधल्या फटीत पडले होते. मी दार उघडून मागे गेले. त्यांच्या हातावरची पट्टी सुटली होती आणि रक्त कोपरापर्यंत आलेलं होतं. त्या शिरेचं रक्त थांबत नसतं, ते धावतं. आयुष्यात मी इतकी कधी घाबरले नव्हते आणि पुढेही घाबरणार नाही. नर्सने शिकवलं होतं, अंगठ्याने दाबायचं आणि बघायला उचलायचं नाही. मी दाबलं. दुसऱ्या हाताने अंगठ्यावर जोर दिला. बाया पळत आल्या. त्यातल्या एकीने ओटीतून पांढराशुभ्र कापूस मूठभर काढून पुढे केला. "घ्या बाई, ताजा आहे." मी तो पट्टीच्या वर ठेवून दाबत राहिले. बाबा माझ्या तोंडाकडे पाहत होते आणि मी त्यांच्याकडे. किती वेळ गेला कोण जाणे. हळूहळू कापसाचा लाल डाग वाढायचा थांबला.

काकाजी अजून स्टिअरिंगवरच बसलेले. मी "थांबलं" म्हणाले तेव्हा ते उतरले, अनवाणीच, मातीत.

आर्वीच्या मेकॅनिकला फोन केला; तो नळी घेऊन येईपर्यंत बायांनी बाबांना झाडाच्या सावलीत निजवलं होतं आणि एका ट्रॅक्टरने गाडी रस्त्याच्या कडेला ओढून ठेवली होती. डावं चाक आतून तेलाने भिजलं होतं. मेकॅनिक पातं काढून उभा राहिला. काकाजी म्हणाले, "थांब. सोडवून पाहू दे." आणि चाकाशी मांडी घालून बसले. वाळलेला चिखल फोडून काढला, गाठी नखांनी उकलू लागले. एक सुटली, दुसरी सुटेना. सगळे धागे एकजीव झालेले, तेलाने बुळबुळीत. त्यांनी तोंड पुढे नेलं तेव्हा मेकॅनिक दटावून बोलला, "काकाजी, दात नोका लावू. जहर असते ते." ते मागे सरले. पुन्हा नखं. त्यांचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. मला त्यांचा इतका राग येत होता आणि तरी मी त्यांना उठवू शकले नसते.

मग त्यांनी न पाहता हात वर केला. मेकॅनिकने पातं त्या हातात ठेवलं. काकाजींनी स्वतःच कापलं. तो गोळा पडला तसा उचलून सदऱ्याच्या खिशात घातला, आणि सदऱ्यावर तेलाचा डाग पसरत गेला तो पुसलाही नाही.

उन्हं कलली तेव्हा काम संपलं. नवी नळी बसली, तुटलेली वायर जोडली गेली. मेकॅनिकने गाडी पुढेमागे करून, ब्रेक दाबून दाखवला. बाबांना गादीवर निजवलं, मी पुढे बसले. काकाजींनी डोळे मिटून पाय ब्रेकवर ठेवला, आणि किल्ली फिरवली.

सगळे दिवे पेटले. जावई गेला. मास्तर गेला. दारुड्याही गेला. काचेखाली सगळं काळं. हे मी फार दिवसांनी पाहत होते आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. पण काकाजी गाडी हलवेनात. इंजिन चालू, हात गिअरवर, आणि त्यांची नजर त्या काळ्या काचेवर.

"काय झालं काकाजी?"

"काई नाई." मग काचेवर बोट टेकवून, "आता हळू कोण म्हणन, पोरी?"

तेवढ्यात मागून, गादीवरून, बाबांचा आवाज आला. अगदी अशक्त.

"मी म्हणतो शेठ. मले भेव लागते तुमच्या गाडीत."

काकाजी सबंध मागे वळले. "आज तर लागनच गुरुजी."

"आज नाई. पहिल्या दिवसापासून लागते. किल्ली फिरवत तवा तर मी रामरक्षा म्हणो मनात. डोळे बंद करून."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"तुम्हाले वाईट वाटलं असतं," बाबा म्हणाले.

काकाजी पुन्हा समोर वळले. त्यांनी बाहीने डोळे पुसले आणि पहिला गिअर टाकला. गाडी रस्त्यावर आली तसं मागून बाबा म्हणाले, "हळू." काकाजी म्हणाले, "हव." बाबा पुन्हा म्हणाले, "हळू, शेठ," आणि कारंजं येईपर्यंत काकाजींनी तिसरा गिअर टाकला नाही.